साखर कारखाने व आसवन्यांच्या सांडपाण्याचे भू-विसर्जन आणि महाराष्ट्रातील भूजल : नियमनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीवर विपुल लेखन झाले आहे. भांडवल उभारणी, नेतृत्व, ऊसदर आणि ग्रामीण सत्ताकारण या अंगांनी तिचा अभ्यास अनेकांनी केला. परंतु कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा इतिहास मात्र बहुधा तांत्रिक अहवालांपुरताच मर्यादित राहिला आहे. वस्तुतः हे पाणी कोठे सोडावे, नदीत की शेतात, या प्रश्नाला दिलेली उत्तरे कायद्याच्या इतिहासाचा भाग आहेत. त्या उत्तरांमध्ये विहिरीच्या पाण्याचा विचार केव्हा आणि कसा आला, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दूध, फळप्रक्रिया, द्राक्षमद्य हे अन्नप्रक्रिया उद्योगही सांडपाणी शेतीस देतात. तथापि प्रमाण व काळ या दोन्ही दृष्टींनी ऊस आणि मळी यांचेच महत्त्व अधिक असल्याने विवेचनाचा भर त्यांवर ठेवला आहे.

आरंभीच शब्दांविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘मळी’ हा शब्द दोन अगदी भिन्न पदार्थांसाठी वापरला जातो. साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट द्रव म्हणजे मोलॅसिस, तीही मळी. आणि रस गाळल्यावर उरणारा चोथ्यासारखा गाळ म्हणजे प्रेसमड, तीही मळी. त्यातच आसवनीतून निघणाऱ्या स्पेंट वॉशला वृत्तपत्रे ‘मळीचे पाणी’ म्हणतात. प्रेसमड हे चांगले खत आहे, तर स्पेंट वॉश हे कच्च्या स्वरूपात पिकाला मारक. शेतकऱ्याला ‘मळी टाकतो’ असे सांगितले जाते तेव्हा त्याच्या मनात नेमके कोणते चित्र उभे राहते, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही.

वसाहतकालीन पूर्वपीठिका :

सांडपाणी नदीत न सोडता जमिनीवर पसरावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये दृढ झाली. शहरांच्या मैल्याने नद्या नासल्यावर १८६८ मध्ये नेमलेल्या नदी प्रदूषण आयोगाने भूमी-उपचाराचा पुरस्कार केला आणि १८७६ मध्ये नदी प्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. या संपूर्ण विचारात जमीन ही गाळणी होती. गाळणीच्या खाली काय आहे, हा प्रश्न दुय्यम होता. आपल्या नियमनाने हाच दृष्टिकोन वारशाने घेतला, असे म्हणावे लागते.

मात्र त्याच काळातील एका भारतीय कायद्यात भूजलाचा स्पष्ट उल्लेख आढळतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ खालील उदाहरणांत असे म्हटले आहे की, आपल्या जमिनीवरून, जमिनीतून वाहणारे अथवा झिरपणारे पाणी तेथे पोहोचण्यापूर्वी इतरांनी अवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक भूधारकाचा हक्क आहे. हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याच्या शुद्धतेचा हक्क तत्त्वतः तेव्हापासून होता. पण तो खाजगी दाव्याचा हक्क होता. ज्याची विहीर बिघडली त्याने दिवाणी न्यायालयात जावे, दूषण सिद्ध करावे आणि कारणही सिद्ध करावे. पाणी जमिनीखालून कोणत्या वाटेने आले हे सांगण्याचे साधन त्या वादीपाशी नव्हते.

याच सुमारास दख्खनमध्ये दुसरा एक धडा मिळत होता. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाल्यावर बारामती परिसरात ऊस वाढला आणि त्यापाठोपाठ काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनी खारवट व पाणथळ होऊ लागल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा केलेला अभ्यास १९१० मध्ये मुंबई कृषी खात्याने प्रसिद्ध केला. जमिनीला दिलेले पाणी पिकाने घेतले तरी क्षार मागे राहतात आणि निचरा नसेल तर ते वर येतात, निचरा असेल तर खाली अथवा ओढ्याला जातात, हे ज्ञान पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, शासकीय छापखान्यात, उपलब्ध होते. पुढे सांडपाण्याच्या भू-वापराचे निकष ठरवताना या ज्ञानाचा उपयोग झाल्याची खूण निकषांत फारशी दिसत नाही. पाटबंधारे, शेती आणि प्रदूषण ही तीन वेगवेगळी खाती झाल्याचा हा परिणाम असावा.

सहकारी कारखाने व आसवन्या :

विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे १९५०-५१ मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्यानंतर प्रवरा, गोदावरी, भीमा, कृष्णा आणि पंचगंगा खोऱ्यांत कारखाने उभे राहिले. साखरेच्या कारखान्याचे स्वतःचे सांडपाणी, म्हणजे गिरणीची धुणावळ, गळती, बॉयलरचे पाणी, हे प्रमाणात मध्यम स्वरूपाचे असते. खरा प्रश्न आसवन्यांनी निर्माण केला. मळीच्या किमतीवर व वाटपावर १९६१ च्या नियंत्रण आदेशाने बंधने होती. मळी साठवून ठेवणे खर्चाचे, विकणे परवडत नसे. साहजिकच तिच्यापासून मद्यार्क काढण्याकडे कारखाने वळले.

एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघते. ते गडद तपकिरी आणि आम्लधर्मी असते, त्यात पालाश भरपूर असतो व त्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बी.ओ.डी.) लिटरमागे ४०,००० ते ५०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. दररोज ३०,००० लिटर मद्यार्क काढणाऱ्या आसवनीचे उदाहरण घेऊ. दिवसाला तीन लाख लिटर स्पेंट वॉश आणि ४५,००० मिलिग्रॅम बी.ओ.डी. धरल्यास रोजचा सेंद्रिय भार साडेतेरा टन होतो. माणशी दररोज ४५ ग्रॅम हे मान धरले तर तो तीन लाख लोकवस्तीच्या शहराच्या मैलापाण्याइतका भरतो. आणि असे उद्योग बहुधा काही हजार वस्तीच्या गावाच्या शिवारात असतात.

शिवाय काळाचे गणित प्रतिकूल आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. याच महिन्यांत दख्खनच्या नद्या आटत जातात. विरळीकरणाला पाणी नसलेल्या नदीत हा द्रव सोडणे म्हणजे मासे मारणे आणि खालच्या गावांची पाणीयोजना बंद पाडणे होय. मग उरतो तो मार्ग जमिनीचा.

कायद्याची भाषा :

महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राच्या आधी पाऊल टाकले. १९६९ मध्ये राज्याचा जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला व १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. या अधिनियमातील तीन तरतुदी एकत्र वाचल्या पाहिजेत.

पहिली, कलम २ मधील ‘प्रवाह’ या संज्ञेची व्याख्या. तीत नदी, ओढा, कोरडा जलमार्ग, समुद्र यांबरोबर भूमिगत पाणीही अंतर्भूत आहे. कायद्याच्या दृष्टीने भूजल हा प्रवाहच आहे. दुसरी, कलम १७. राज्य मंडळाच्या कर्तव्यांत, योग्य अशा सांडपाण्याचा शेतीत उपयोग करण्याच्या पद्धती शोधणे आणि वर्षातील बराच काळ नद्यांना पुरेसे पाणी नसल्याने जमिनीवर विसर्जनाच्या कार्यक्षम पद्धती विकसित करणे, ही दोन कामे सांगितली आहेत. तिसरी, कलम २४, ज्यात प्रदूषक द्रव्य ‘प्रवाहात अथवा विहिरीत’ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाऊ देण्यास मनाई होती. त्यात ‘किंवा जमिनीवर’ हे शब्द १९८८ च्या दुरुस्तीने आले.

एकाच कायद्याने नदी वाचवण्यासाठी जमिनीचा मार्ग सुचवला आणि त्याच वेळी जमिनीखालच्या पाण्याला नदीइतकेच संरक्षण दिले. या दोहोंत संघर्ष संभवतो, हे मसुदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसेल असे वाटत नाही. पण तो सोडवण्याचे काम त्यांनी मानकांवर व संमतिपत्राच्या अटींवर सोपवले. आणि अटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नदी दिसत होती, भूजल दिसत नव्हते. जमिनीवरचे विसर्जन ‘अप्रत्यक्षपणे’ भूमिगत प्रवाहात जाते, असा अर्थ १९७४ च्या मूळ शब्दांतूनही काढता आला असता. परंतु अंमलबजावणीची सारी यंत्रणा नाल्याच्या तोंडाशी उभी होती.

पुराव्याच्या नियमांनीही याला हातभार लावला. कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना कायदेशीररीत्या घ्यावयाचा तर कारखानदारास जागेवर नोटीस देणे, त्याच्या उपस्थितीत नमुन्याचे भाग करणे ही प्रक्रिया आहे, आणि ती बहिर्गमन मार्गाशी निगडित आहे. विहिरीचा नमुना घेता येतो, परंतु त्यातून विहीर दूषित आहे एवढेच सिद्ध होते. ती कोणी दूषित केली, हे सिद्ध करण्यासाठी निरीक्षण विहिरी, भूजलाची दिशा आणि विसर्जनापूर्वीची नोंद लागते. यांपैकी पूर्वनोंद बहुतेक ठिकाणी नसे. १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही फौजदारी तक्रार करण्याचा अधिकार दिला, परंतु १८८२ च्या वादीची अडचण एका शतकानंतरच्या तक्रारदारालाही चुकली नाही.

मानकांतील अंतर्विरोध :

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांखालील मानकांत साखर कारखान्यांसाठी नदीत सोडावयाच्या पाण्यास बी.ओ.डी. ३० व जमिनीवर सोडावयाच्या पाण्यास १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा आहे. आसवन्यांनाही हीच दोन मूल्ये लागू झाली. १९९३ च्या सर्वसाधारण मानकांतही जमिनीसाठी १०० हाच आकडा आहे. रासायनिक प्राणवायू मागणीला नदीसाठी २५० ची मर्यादा आहे, तर सिंचनाच्या स्तंभात तेथे केवळ आडवी रेघ आहे. नायट्रेटच्या बाबतीतही तसेच. मातीतील सूक्ष्मजीव उरलेले काम करतील, असा विश्वास त्या रेघेमागे आहे.

तो विश्वास पूर्णतः निराधार नाही. योग्य मात्रेत व विश्रांती देऊन पसरलेले सेंद्रिय द्रव्य माती पचवते. परंतु पचवण्याची क्षमता प्रतिहेक्टर प्रतिदिन किलोग्रॅममध्ये मोजावी लागते, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये नव्हे. क्षार तर कोणताही सूक्ष्मजीव पचवीत नाही. मात्रा जास्त झाली की मातीतील प्राणवायू संपतो, आणि मग खडकातील लोह व मँगनीज विरघळून पाण्यात उतरतात. अशा वेळी विहिरीत सापडणारे प्रदूषक सांडपाण्यात मुळी नव्हतेच, असे उत्तर देता येते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेही असते.

येथे एक अपवाद आवर्जून नोंदवला पाहिजे, कारण तो आपल्याच नियमांत आहे. दुग्धव्यवसायाच्या मानकांत दूध शीतकरण केंद्राच्या सांडपाण्याला जमिनीवर ३५० मिलिग्रॅमपर्यंत बी.ओ.डी. ची सवलत आहे. मात्र अटी अशा : ती जमीन द्वितीय उपचार पद्धती म्हणून आखलेली असावी, तेथे देखरेखीची सोय असावी, जमीन उद्योगाच्या ताब्यात असावी, आणि भूजलात पडणारी निव्वळ भर बी.ओ.डी. ३ मिलिग्रॅम व नायट्रेट-नायट्रोजन ३.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर यांपेक्षा अधिक नसावी. म्हणजे मानक भूजलापासून उलट मोजत येणे भारतीय नियमकर्त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी गावातल्या दूध केंद्राला लावले. त्याच गावाच्या आसवनीला मात्र लावले नाही. याचे कारण मला कोणत्याही तांत्रिक तर्काने समजावून घेता आलेले नाही.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेता येईल. तेथे १९६८ च्या ठरावाने चांगल्या दर्जाचे पाणी, भूजलासह, सबळ लोकहिताशिवाय खालावू द्यावयाचे नाही असे तत्त्व ठरले व १९६९ च्या पोर्टर-कोलोन कायद्याने जमिनीवरील विसर्जनासही परवाना लागू झाला. तरीदेखील मध्य खोऱ्यातील हिल्मार येथील चीज कारखान्याचे खारे सांडपाणी वर्षानुवर्षे शेतात जात राहिले. २००५ मध्ये प्रादेशिक जल मंडळाने ४० लाख डॉलर दंड प्रस्तावित केला आणि पुढल्या वर्षी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या रकमेचा काही भाग खारट सांडपाण्याच्या अभ्यासासाठी वापरण्यात आला. तत्त्व उत्तम असूनही अंमल उशिराच झाला. पण निदान भांडणाचा विषय भूजल हाच होता.

२००३ ची सनद आणि त्यानंतर :

मार्च २००३ मध्ये केंद्राने १७ प्रदूषणकारी उद्योगांशी पर्यावरण संरक्षणाच्या जबाबदारीची सनद केली. आसवन्यांनी मार्च २००४ पर्यंत ५० टक्के, मार्च २००५ पर्यंत ७५ टक्के व डिसेंबर २००५ पर्यंत १०० टक्के स्पेंट वॉशचा वापर करून नदीतील विसर्जन शून्यावर आणावे, असे ठरले. त्यासाठी प्रेसमडसह कंपोस्ट, खत-सिंचन आणि एकवेळ नियंत्रित भू-वापर हे मार्ग मान्य झाले. शंभर टक्के वापर साधेपर्यंत पावसाळ्यात नदीत मर्यादित विसर्जनास मुभा होती, ती पाण्याला डोळ्यांना जाणवेल असा रंग येणार नाही या अटीवर.

ही सनद नदीच्या दृष्टीने मोठी प्रगती होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘शून्य विसर्जन’ या शब्दाचा अर्थ ‘नदीत शून्य’ असा होता. जैववायू संयंत्रातून गेलेल्या स्पेंट वॉशची बी.ओ.डी. ८५ ते ९० टक्क्यांनी घटते, पण रंग आणि पालाश तसाच राहतो, क्षारही राहतात. तो भार आता उसाच्या शेतांवर आला. दख्खनच्या बेसाल्टमध्ये भूजल एकसलग साठ्यात नसते, ते मुरमाच्या थरात, भेगांत व सच्छिद्र पट्ट्यांत असते. वरची काळी माती पाणी धरून ठेवते हे खरे, पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि भू-वापराचे दिवस नेमके तेच. मृग नक्षत्रात पहिला जोराचा पाऊस झाला की शेजारच्या विहिरीचे पाणी लालसर होते, ही तक्रार साखरपट्ट्यात अपरिचित नाही.

तक्रार होते तितकी नोंदली जात नाही, याला सामाजिक कारण आहे. सहकारी कारखान्याच्या क्षेत्रात विहीरमालक हाच बहुधा सभासद, ऊस उत्पादक आणि कारखान्याच्या पतसंस्थेचा कर्जदारही असतो. त्याचा ऊस वेळेवर तुटणे हे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याविरुद्ध त्याने साठ दिवसांची नोटीस द्यावी, अशी अपेक्षा कायदा करतो. ज्यांच्याकडे ऊस नाही, विहीरही नाही, आणि जे गावच्या सार्वजनिक आडाचे पाणी पितात, त्यांचा तर या व्यवहारात उल्लेखच येत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये साखर उद्योगाची मानके सुधारण्यात आली. प्रक्रिया केलेले अंतिम सांडपाणी टनामागे १०० लिटरपर्यंत मर्यादित झाले, विरघळलेल्या क्षारांना २१०० मिलिग्रॅमची मर्यादा आली, सिंचनाची गरज नसताना पाणी साठवण्यासाठी पंधरा दिवसांचे अस्तरित तळे आवश्यक ठरले. प्रथमच मातीच्या पोतानुसार हेक्टरी रोजची मात्रा साखरेच्या मानकांत आली : वालुकामय जमिनीस २२५ ते २८० घनमीटर, पोयट्यास ११० ते १७०, चिकण जमिनीस ३५ ते ५५.

हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. हेक्टरी २८० घनमीटर म्हणजे २८ मिलिमीटर पाणी, रोज. हिवाळ्यात पीक दिवसाला चार-सहा मिलिमीटरपेक्षा फारसे अधिक पाणी वापरत नाही. उरलेले खाली जाणार हे उघड आहे. क्षार कमाल मर्यादेइतके असतील तर दिवसाला हेक्टरी ५८८ किलो आणि दीडशे दिवसांच्या हंगामात ८८ टन. दररोज २५०० टन गाळप करणारा कारखाना आपले २५० घनमीटर पाणी एक हेक्टरहून कमी वाळूवर सोडूनही या कोष्टकाच्या मर्यादेत राहतो. तेच पाणी पिकाच्या गरजेने, रोज पाच मिलिमीटर या दराने, द्यावयाचे तर पाच हेक्टर लागतील. ज्या जमिनीतून पाणी सर्वांत लवकर भूजलास मिळते तिलाच सर्वाधिक मात्रा, असा या कोष्टकाचा क्रम आहे. जमीन किती पाणी गिळू शकते, याचे ते मोजमाप आहे. खालच्या विहिरीला किती सोसेल, याचे नव्हे. महाराष्ट्रात वाळवंटी जमिनी थोड्या, त्यामुळे प्रत्यक्ष हानी मर्यादित राहिली असेल. परंतु नदीकाठच्या गाळाच्या व मुरमाड पट्ट्यांत हाच क्रम लागू होतो, आणि कारखाने पाण्यासाठी नदीकाठालाच असतात.

राज्याच्या भूजल कायद्यांकडे पाहता, १९९३ चा कायदा पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर खोदू नये एवढ्यापुरता, म्हणजे परिमाणाचा होता. २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, ज्याला २०१३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्यात गुणवत्तेच्या संरक्षणाचा समावेश झाला. पण कारखान्याचे संमतिपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते आणि भूजलाचे सर्वेक्षण दुसरी यंत्रणा करते. संमतिपत्राची अट व निरीक्षण विहिरीची नोंद एकाच टेबलावर येण्याची व्यवस्था या कायद्याने आपोआप होत नाही.

दरम्यान आसवन्यांचे तंत्र बदलले. इथेनॉल मिश्रणाच्या धोरणाने क्षमता वाढली आणि भू-वापराऐवजी स्पेंट वॉशचे बाष्पीभवन करून ते बॉयलरमध्ये जाळण्याची पद्धत रूढ होत गेली. जळल्यानंतर उरणाऱ्या राखेत पालाश असतो. २०२१ मध्ये केंद्राने मळीजन्य पालाशाचा अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत समावेश केला. वर्षानुवर्षे ओल्या स्वरूपात शिवारात जाणारा हा क्षार आता पोत्यात भरून, वजन करून, हेक्टरी मात्रा लिहून विकला जातो. पूर्वी ज्या शेतांवर पाणी सोडले गेले, त्या गट क्रमांकांची व तेथील विहिरींची यादी मात्र संमतिपत्रांच्या जुन्या धारिकांत विखुरलेली आहे.